नऊ पानं, तीन बर्नर आणि दाण्याचं कूट

स्थळ पुण्यातलं, कोथरूडचा दोन बेडरूमचा फ्लॅट. स्वयंपाकघरात तीन बर्नरची शेगडी, पाच लिटरचा एक कुकर, तीन लिटरचा एक आणि एक मायक्रोवेव्ह. यजमान नवरा-बायको, दोघांनाही नोकरी. बोलावलेली घरं दोन. वरच्या मजल्यावर नुकतं राहायला आलेलं कुटुंब: नवरा, बायको, सासूबाई, दहा आणि सहा वर्षांची दोन मुलं. दुसरं सकाळच्या फिरण्यात ओळख झालेलं जोडपं. ही दोन घरं एकमेकांनाही ओळखत नाहीत. एकूण नऊ पानं, त्यातली सात मोठ्यांची.

यजमानांनी आधी कागदावर लिहिलेला मेनू असा होता: कांदाभजी, कोथिंबीर वडी, कोल्हापुरी चिकन, भरली वांगी, पनीरची एक भाजी, मसालेभात, पोळ्या, खमंग काकडी, सोलकढी, गुलाबजाम. यातला एकही पदार्थ चुकीचा नाही. प्रत्येक पदार्थ त्या घरात उत्तम होतो. तरी हा मेनू निम्म्याहून जास्त बदलावा लागला, आणि त्याची दोन कारणं होती: पाहुण्यांबद्दल काय माहीत नव्हतं, आणि जेवणाआधीच्या शेवटच्या अर्ध्या तासात शेगडीवर काय काय येणार होतं.

आधी कालनिर्णय, मग फोन

बोलावणं गेलं डिसेंबरातल्या एका शनिवारचं, आणि त्या शनिवारी मार्गशीर्षातली शुद्ध एकादशी होती. भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं असतं तर एक फोन वाचला असता. मार्गशीर्षात हे बघावंच लागतं. गुरुवारी अनेक बायकांचा महालक्ष्मीचा उपास असतो. ज्यांच्या घरी खंडोबा आहे त्यांच्यात चातुर्मासात सोडलेलं वांगं चंपाषष्ठीपर्यंत पानात येत नाही. दत्तजयंतीच्या आधीच्या आठवड्यात कोणाकडे गुरुचरित्राचं पारायण चालू असेल, तर त्या माणसाला कांदा-लसूण तर नाहीच, बाहेरचं जेवणही बहुधा चालत नाही. जुन्या ओळखीत हे सगळं माहीत असतं. नव्या ओळखीत विचारावंच लागतं, आणि कसं विचारतो यावर उत्तर ठरतं.

"तुम्हाला काय आवडतं?" या प्रश्नाला मराठी माणूस एकच उत्तर देतो: "काहीही चालेल हो, उगाच जास्त काही करू नका." या उत्तराचा उपयोग शून्य. काय चालत नाही ते विचारायचं, आणि तेही नावं घेऊन. यजमानीणबाईंनी दोन्ही घरी पाठवलेला निरोप साधारण असा होता:

"नमस्कार, शनिवारी जेवायला नक्की या. थोडं आधी विचारून ठेवते, म्हणजे मला सोपं जाईल. घरात कोणाला कशाचा त्रास होतो का? दाणे, तीळ, काजू-बदाम, दूध, गहू, वांगं, काहीही असलं तरी सांगा. कांदा-लसूण चालतो ना? त्या दिवशी कोणाचा उपास, पारायण वगैरे? मुलं किती वाजता जेवतात, आणि तिखट कितपत खातात?"

वरच्या मजल्यावरून उत्तर आलं: सासूबाईंची माळ आहे, मांस-मासे-अंडं नाही, कांदा-लसूण चालतो, शनिवारी त्यांची एकादशी, धाकट्याला तिखट अजिबात नको आणि साडेसातला त्याला भूक लागते. दुसऱ्या घरून: "आम्हाला सगळं चालतं. फक्त मला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, पण मी बघून खाईन, तुम्ही त्रास घेऊ नका."

असं उत्तर आलं की निरोपावर न थांबता फोन करावा. विचारायच्या गोष्टी चार: दाणा प्रत्यक्ष खाल्ला तरच त्रास होतो की कूट लागलेला चमचाही पुरतो, शेंगदाणा तेल चालतं का, तीळ आणि काजू चालतात का, त्रास झालाच तर जवळ औषध किंवा इंजेक्शन असतं का. या प्रकरणात उत्तरं अशी मिळाली: लागलेला चमचाही पुरतो, ओठ सुजतात, शेंगदाणा तेल टाळतात, तीळ आणि काजू चालतात, डॉक्टरांनी दिलेलं औषध पर्समध्ये असतं. (श्वास लागला किंवा घसा आवळल्यासारखा वाटला तर वाट न बघता जवळचं इंजेक्शन आणि लगेच रुग्णालय, महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८.)

तारीख रविवारवर गेली. सोमवारी सगळ्यांची ऑफिसं आणि शाळा, म्हणून वेळ आठऐवजी साडेसातची.

दाणा कुठे कुठे असतो

मराठी स्वयंपाकघरात दाण्याचं कूट काढून टाकणं वाटतं तितकं सोपं नाही. खमंग काकडीत कूट, भरल्या वांग्यात कूट, कित्येक घरी कोथिंबीर वडीतही. लाल लसणीच्या चटणीत पुष्कळदा दाणे असतात, विकतच्या चिवड्यातही असतात. ही झाली दिसणारी ठिकाणं. न दिसणारी ठिकाणं जास्त घातक. तेल घाण्याचं असेल तर त्यात दाण्यातली प्रथिनं राहतात. कारखान्यात चांगलं रिफाइन केलेल्या तेलात ती जवळजवळ राहत नाहीत, पण पाहुणी टाळते म्हटल्यावर तो वाद घालायचा नसतो. भजी तळून उरलेलं, गाळून ठेवलेलं तेल त्या दिवशी बाजूलाच ठेवावं. मिक्सरचं भांडं घासलं तरी झाकणाच्या रबरी रिंगखाली कुटाचा थर बसलेला असतो. रिंग काढून धुवावी. मिसळणाच्या डब्यातला चमचा कुटाच्या डब्यात गेलेला असतो, आणि तोच परत हळदीत.

यजमानांनी केलं ते असं: सूर्यफूल तेलाची नवी पिशवी फोडली, गोडा मसाला, तिखट आणि हळद नव्या पाकिटांतून वेगळ्या वाट्यांत काढली, कुटाचा डबा शनिवारी सकाळीच माळ्यावर गेला, आणि ओटा, पोळपाट-लाटणं, मिक्सरचं भांडं साबणाने धुतलं. सुटी चटणी, सुटं फरसाण काहीच आणलं नाही. पाकिटावर निदान काय आहे ते छापलेलं असतं. याच निमित्ताने एक लक्षात ठेवण्यासारखं: कोणाला गहू चालत नसेल तर हिंगाच्या डबीवरचा मजकूर वाचावा, बाजारातल्या बहुतेक बांधानी हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो.

चिकन का गेलं

फिरायला येणाऱ्या जोडप्यातला नवरा मांसाहारी, त्यामुळे एक भांडं चिकन ठेवावं असा यजमानांचा विचार होता. आमचं मत स्पष्ट आहे: पहिल्या भेटीत माळकरी माणूस पंगतीत असेल तर सगळं शाकाहारी करावं. वेगळी भांडी, वेगळे चमचे, वेगळं टेबल हे सगळं करता येतं, पण मग सासूबाई प्रत्येक पदार्थाआधी "यात नाही ना?" विचारत बसतात आणि यजमानीणबाई प्रत्येक वेळी उत्तर देत. चिकनसाठी पुढचा रविवार आहे.

शेवटचा अर्धा तास

आता पहिला मेनू शेगडीवर मांडून बघा. पाहुणे बसलेत, आणि भजी तळायची आहेत (एक बर्नर, एक माणूस कायम तिथे), पोळ्या करायच्या आहेत (दुसरा बर्नर, दुसरा माणूस), चिकन, वांगी, पनीर गरम करायचंय (तिसरा बर्नर, आळीपाळीने), सोलकढी गाळायची आहे. म्हणजे दोघंही यजमान आत, आणि एकमेकांना न ओळखणारी दोन कुटुंबं बाहेर टीव्हीकडे बघत. नव्या माणसांना बोलावताना मेनूची कसोटी हीच: पाहुणे आल्यानंतर एका वेळी एकच यजमान स्वयंपाकघरात, तोही मोजका वेळ.

ठरलेला मेनू: कोथिंबीर वडी, टोमॅटोचं सार, तीळ-खोबऱ्याची भरली वांगी, बटाट्याची पिवळी भाजी, मसालेभात, घडीच्या पोळ्या, दह्यातली काकडी, श्रीखंड, डावीकडे लिंबू, मीठ आणि घरचं लोणचं. यातले श्रीखंड, काकडी, पोळ्या यांना ऐनवेळी शेगडी लागत नाही. बटाटा मायक्रोवेव्हमध्ये गरम होतो. तिन्ही बर्नरवर उरतात वडी, सार-वांगी आणि भात.

श्रीखंड शुक्रवारी रात्रीच सुरू होतं. नऊ जणांना एक किलो तयार श्रीखंड भरपूर होतं. त्याला सुमारे ६०० ग्रॅम चक्का आणि ४०० ग्रॅम साखर. चक्क्यासाठी म्हशीच्या दुधाचं दीड किलो दही लावलं, शनिवारी सकाळी पंच्यात बांधून टांगलं, संध्याकाळी उतरवलं. चक्का हाताला लागेल न लागेल इतका कोरडा हवा. ओलसर राहिला तर साखर घातल्यावर पातळ होतो, आणि मग कितीही वेळ फ्रिजमध्ये ठेवला तरी घट्ट होत नाही. साखर मिसळून तासभर ठेवावी, मग पुरणयंत्रातून काढावा. मिक्सर फिरवू नये, चक्का सैल पडतो. केशर, वेलची, किंचित जायफळ. चारोळी, बदाम वेगळ्या वाटीत, ज्याला हवं तो घेईल.

वांग्यांचा विचार जरा सविस्तर करायला हवा, कारण कूट काढलं की हा पदार्थ पांगळा होतो. दाण्याचं कूट दोन कामं करतं: तेल सोडतं आणि रस्सा धरून ठेवतं. नुसतं खोबरं घातलं तर तेल सुटतं पण रस्सा फाटल्यासारखा दिसतो. नुसते तीळ घातले तर कडवट उतरतो. म्हणून खोबरं, तीळ आणि बेसन तिन्ही एकत्र. सोळा लहान वांगी (साधारण ९०० ग्रॅम), ८० ग्रॅम सुकं खोबरं किसून भाजलेलं, ६० ग्रॅम तीळ, आणि दोन मोठे चमचे कोरडं भाजलेलं बेसन. दाटपणाचं काम बेसन करतं. तीळ तडतडायला लागून रंग किंचित बदलला की लगेच ताटात काढायचे. कढईतच ठेवले तर तिच्या उष्णतेनेच पुढे भाजतात आणि कडू होतात. गार झाल्यावरच मिक्सरला, तेही थांबत थांबत. बाकी भरण नेहमीचं: दोन कांदे चिरून परतलेले, दीड मोठा चमचा गोडा मसाला, तिखट, सुपारीएवढी चिंच भिजवून कोळ, तेवढाच गूळ, मीठ, कोथिंबीर.

वांग्याला खालून अधिक चिन्हासारख्या चिरा, देठ शाबूत. देठ काढला की वांगं शिजताना चार फाकांत सुटतं. चिरलेली वांगी मिठाच्या पाण्यात. पसरट कढईत एकाच थरात लावायची, एकावर एक रचली तर वरची कच्ची, खालची मेण. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर २० ते २५ मिनिटं. रस्सा वाढवायला झाकणावरचंच गरम पाणी घालायचं. उलथनं न घालता कढई कानाला धरून हलवायची. ही भाजी दुपारी चारला केली तर रात्री जास्त चांगली लागते, त्यामुळे वेळापत्रकातही सोयीची.

कोथिंबीर वडीत गडबड एकाच ठिकाणी होते, ती म्हणजे ओली कोथिंबीर. धुऊन लगेच चिरली तर पीठ सैल, सैल म्हणून बेसन वाढवलं, आणि वडी बेसनाच्या ढोकळ्यासारखी. दोन मोठ्या जुड्या सकाळीच धुऊन पंच्यावर पसरल्या. चिरून दाबून भरलेल्या चार वाट्यांना दोन वाट्या बेसन, पाव वाटी तांदळाचं पीठ, तीळ, हळद, हिरवी मिरची बेताची. उकड १५ ते २० मिनिटं. पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावायची नाही. ३० वड्या निघाल्या, आणि ऐनवेळी तव्यावर थोड्या तेलात परतायच्या.

पोळ्या सहा वाजता सुरू. मोठ्यांना तीन, मुलांना दोन धरून २५ पोळ्या, त्यासाठी ७५० ग्रॅम कणीक, नेहमीपेक्षा किंचित सैल, तेलाचा हात सढळ. एकटा माणूस लाटून भाजतो तेव्हा पाऊण तास जातो. दोघं असतील तर अर्धा. गरम पोळ्या लगेच स्टीलच्या डब्यात बंद केल्या तर वाफेचं पाणी होऊन खालच्या चिकट होतात. आधी जाळीवर पसरून कोमट होऊ द्यायच्या, मग सुती कापडात गुंडाळून डब्यात. पोळी-भाजी केंद्रातून आणायचा मोह इथे होतो, आणि एरवी तो योग्यच. या वेळी तिथल्या ओट्यावर काय काय झालेलं असतं ते माहीत नसल्याने टाळला.

काकडीची कोशिंबीर फार वेळ आधी कालवू नये. काकडी चोचवून मिठाशिवाय ठेवावी. मीठ, दही, ओलं खोबरं आणि जिऱ्याची तुपातली फोडणी पानं मांडताना.

त्या संध्याकाळी काय घडलं

वरच्या मजल्यावरची मंडळी बरोब्बर साडेसातला आली, हातात लोणावळ्याच्या चिक्कीचा डबा. शेंगदाण्याची. ओटा धुतला, तेल बदललं, आणि दाणा आला तो दारातून. एका घराची अडचण दुसऱ्या घराला कळवायची हे राहून गेलं होतं. यजमानीणबाईंनी "अरे वा, मुलांना डब्यात देता येईल" म्हणत डबा न उघडता बेडरूमच्या कपाटात ठेवला आणि मुलांना त्याच वेळी वड्या दिल्या. दुसऱ्या घराच्या पाहुण्या आल्या तेव्हा "दाण्याचं काही केलेलं नाही, तेलही सूर्यफुलाचं आहे" एवढंच एकदा सांगितलं, तेही बाजूला. चारचौघांत जाहीर केलं असतं तर चिक्की आणणारी मंडळी ओशाळली असती आणि पाहुण्यांना रात्रभर ॲलर्जीवरच बोलावं लागलं असतं. पुढच्या वेळी निरोपात एक ओळ जास्त: "एकांना दाणे चालत नाहीत, म्हणून त्या दिवशी घरात दाणा नको."

मुलांना पावणेआठला पोळी, बटाटा, श्रीखंड. धाकट्याने वांग्याकडे बघितलंही नाही. बटाट्याची भाजी मेनूत होती ती याचसाठी.

दुसरं जोडपं आठ वाजून पाच मिनिटांनी आलं. भात मात्र सात वाजता लावून झाला होता. पाच लिटरच्या कुकरमध्ये अर्धा किलो जुना कोलम, पाव किलो तोंडली, दीडशे ग्रॅम मटार, दोन मोठे चमचे गोडा मसाला आणि तांदळाच्या दुप्पट पाणी, म्हणजे कुकर जवळजवळ निम्मा. फुगणाऱ्या पदार्थांसाठी हीच मर्यादा. त्याहून भरला तर फेस शिट्टीच्या वाटेत येतो. पानं मांडली पावणेनऊला. बंद कुकरमध्ये इतका वेळ राहिलेल्या भातातले मटार पिवळट पडले, तोंडल्यांचा करकरीतपणा गेला. कोलम जुना होता म्हणून गिचका झाला नाही. आंबेमोहोर असता तर झाला असता.

हे टाळायचा मार्ग सोपा आहे. फोडणी, भाजी, मसाला कुकरात परतून गॅस बंद करून ठेवायचा, तांदूळ धुऊन चाळणीत निथळायचे, शेवटचा पाहुणा दारात आला की तांदूळ परतून उकळतं पाणी घालायचं. कुकर वीस-पंचवीस मिनिटांत उघडतो, तेवढा वेळ वड्या आणि पहिल्या गप्पांत जातोच.

सार फुटलं. एक किलो टोमॅटो उकडून, गाळून, त्यात एका नारळाचं दूध दुपारीच घातलं होतं. गरम करताना बर्नर मोठा ठेवून यजमान बाहेर बोलायला गेले. आंबट रसात नारळाचं दूध खळखळून उकळलं की दाणे धरतं. मिक्सरमधून एकदा फिरवून, जिऱ्याची फोडणी वरून देऊन लगेच वाढलं, तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही, पण वाटीत दहा मिनिटं राहिलेलं सार परत वेगळं दिसायला लागलं. नारळाचं दूध फ्रिजमध्ये वेगळं ठेवून, सार गरम झाल्यावर आच बारीक करून घालावं आणि कडेला बुडबुडे दिसले की उतरवावं.

वाढण्याबद्दल थोडं. पानं मांडून पहिला वाढा यजमानांनी केला, नंतर भांडी टेबलावर ठेवली. नव्या माणसांना आग्रह एकदाच करावा. ज्यांना ॲलर्जी आहे त्यांना नवीन पदार्थाचा आग्रह एकदाही नको. त्या स्वतः विचारून घेतात. वांग्यात काय काय आहे हे पाहुण्यांनी विचारलं आणि ऐकून दोनदा घेतलं. तीळ, खोबरं, बेसन असं न अडखळता सांगता आलं, कारण भरण घरीच केलं होतं. विकतच्या मसाल्याचं पाकीट वापरणार असाल तर ते फेकू नका, ओट्यावर ठेवा.

किती उरलं

वड्या तिसाव्या मिनिटाला संपल्या. ४० हव्या होत्या, कारण उशिरा येणाऱ्यांच्या वाट्याच्या आधी आलेले खातात. सात पोळ्या उरल्या. मसालेभात जवळजवळ तिसरा हिस्सा उरला, पोळी आणि श्रीखंड असताना नऊ जणांना ३५० ग्रॅम तांदूळ पुरतात. वांगी दोन राहिली, श्रीखंड एक वाटी, सार नाही. उरलेला भात कुकरमध्ये रात्रभर ठेवू नये: पसरट ताटात गार करून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून एकदाच खायचा.